ब्रेकवर कोण बसणार

ओली चादर खांद्यावर टाकून आशा बाल्कनीत काठी शोधत होती. दाराच्या मागे नव्हती, वॉशिंग मशीनच्या फटीत नव्हती, कुंड्यांच्या मागे असायचं काही कारण नव्हतं, तरी तिथंही पाहून झालं. ही बांबूची काठी धर्माजींनी लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात गावाहून, एस.टी.च्या टपावर टाकून आणलेली. वरच्या दोरीवर कपडे सरकवण्यापलीकडे तिला दुसरं काम नव्हतं आणि त्या कोपऱ्यापलीकडे दुसरी जागा नव्हती. काठ्या स्वतःहून कुठे जात नाहीत. मुली जातात.

खालून ठण्ण असा आवाज आला. मग थोडा वेळ शांतता. मग पुन्हा ठण्ण.

आशानं ग्रिलमधून वाकून पाहिलं. पार्किंगच्या तोंडाशी मोटारसायकल मेन स्टँडवर उभी होती. तिच्या डाव्या अंगाला धर्माजी उकिडवे बसले होते. वरून त्यांचं टक्कल आणि बनियनची पाठ तेवढी दिसत होती. शेजारी मिनल, गुडघे लादीवर टेकून. बापलेक इंजिनाच्या पोटात अशी बघत होती, जणू आत कुणीतरी आजारी आहे आणि डॉक्टर अजून यायचेत.

मिनल उद्या सकाळी याच मोटारसायकलवरून नाशिकला जाणार होती. फिरायला नव्हे, राहायला. नोकरी लागली होती, खोली बघून झाली होती, सामान ओळखीच्या टेम्पोनं पुढे गेलं होतं. मुलीनं परगावी एकटं राहावं हेच आशाला पटलेलं नव्हतं. त्यात घोडबंदर रोडच्या त्या ट्रकांमधून एकटीनं गाडी हाणत जावं, हे तर नाहीच नाही. मागे एकदा वरसाव्याच्या पुलावर चेन उतरली तेव्हा मिनल गाडी ढकलत, हात काळे करून घरी आली होती. तो विषय निघाला, विषयातून भांडण निघालं आणि भांडणात आशा बोलून गेली, "जायचं तर जा. पण मग माझ्याशी बोलू नकोस."

जन्मल्यापासून मुलीनं आईचं शब्दशः ऐकलं, असं हे पहिलंच वाक्य.

तेव्हापासून घरातलं टपाल धर्माजींमार्फत जात होतं. "पप्पा, आईला सांगा, मला डबा नको," हे मिनल आईच्या समोर बसून सांगायची. धर्माजी मान वळवून म्हणायचे, "तिला डबा नको." आशा म्हणायची, "तिला सांगा, भाजी करून झालीय, आता काय मी कावळ्यांना घालू?" धर्माजी पुन्हा मान वळवायचे. कावळ्यांचा भाग ते गाळायचे. आशाला दोन्ही बाजूंचं सगळं ऐकू यायचं, मिनललाही यायचं, तरी निरोप पोचल्याशिवाय कुणी उत्तर देत नसे. अबोला धरायला एक माणूस पुरतो. सोडायला दोन लागतात, आणि ती दोघं तर एकमेकांशी बोलत नसतात.

आता एकच रात्र उरली होती, आणि आशा काठी शोधत होती.

"आशा," खालून हाक आली. "जरा खाली येतेस?"

"कशाला?"

"ब्रेकवर बसायला."

आशाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कशावर?"

"ब्रेकवर. वजन लागतंय."

समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या. भाईंदर पूर्वेला वजन हा विषय तसा सगळ्यांना जवळचा.

"तिला सांगा बसायला," आशा आवाज उतरवून म्हणाली.

"ती पाइप ओढणारेय."

"मग तुम्ही बसा."

"मी पाना धरणारेय. पाना निसटला तर नटाचे कोपरे जातील."

"जितेशभाईंना बोलवा."

"ते आलेत. नियम सांगतायत."

गाऊनवर ओढणी घेऊन खाली भाजीवाल्यापर्यंत जाता येतं, मोटारसायकलवर बसता येत नाही. आशानं चादर बादलीत परत टाकली, पंजाबी ड्रेस चढवला आणि जिना उतरली. उतरताना मनाशी ठरवलं, बसायचं, दाबायचं आणि वर यायचं. तोंड उघडायचं नाही. तोंड उघडायचंच होतं, पण पहिलं कुणी, एवढाच प्रश्न होता. आणि आईनं पहिलं बोलायचं म्हणजे मग आईचं म्हणणं काय राहिलं?

खाली सोसायटीचे सेक्रेटरी जितेशभाई कमरेवर हात ठेवून उभे होते.

"धर्माजीभाई, कंपाउंडमध्ये रिपेअरिंग अलाऊड नाय. नोटीस लगाई है ना."

"रिपेअरिंग कुठे चाललंय, जितेशभाई?" धर्माजी मान वर न करता म्हणाले. "अजून काहीच होत नाहीये."

हे खरंच होतं. जितेशभाईंना नियमात त्यावर काही सापडेना. ते तिथंच थांबले.

धर्माजी पाष्टे भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, वॉशर, पाने त्यांनी मोजून घेतले, मोजून दिले. फिरवला एकही नाही. घरातला पंखा कुरकुरला की ते खाली खुर्ची टाकून ऐकायचे, "बेअरिंग" असा निकाल द्यायचे आणि वायरमनला फोन करायचे. अशा माणसानं काल अचानक जाहीर केलं होतं की चेनचं पुढचं चक्र घरीच बदलू. केबिन रोडवर एवढी गॅरेजं आहेत की, असं आशा म्हणाली, तर म्हणाले, सगळी बंद आहेत, लग्नं आहेत. कुणाची ते तिनं विचारलं नाही. अबोल्याच्या घरात प्रश्न जपून वापरावे लागतात.

"पप्पा, हा कान आधीच सपाट कसा?" मिनल नटाच्या खालच्या पातळ चकतीवर नख फिरवत म्हणाली. "व्हिडिओत दाखवलंय, हा नटावर दुमडलेला असतो. आधी छिन्नीनं उघडावा लागतो."

"जुनी गाडी आहे," धर्माजी म्हणाले. "वापरून वापरून उघडला असेल."

मग त्यांनी आशाला अडचण करून दाखवली. चेन ओढणारं पुढचं छोटं दातेरी चक्र, त्याचे दात झिजून शार्कसारखे झालेले, तेच बदलायचं होतं. मधोमध एक मोठा नट. त्यावर पाना चढवून धर्माजींनी जोर लावला. नट फिरला. पण नटाबरोबर चक्र फिरलं, चक्राबरोबर चेन, चेनीबरोबर मागचं चाक. मिनलनं गिअर टाकला. तरीही इंजिन कण्हल्यासारखं करून सगळं तसंच थोडं थोडं सरकलं. एकाला धक्का दिला की सगळं फिरत होतं आणि सुटत काहीच नव्हतं.

आशाला ते चटकन समजलं. घरात गेले काही दिवस दुसरं काय चाललं होतं?

"मागचा ब्रेक कुणीतरी दाबून ठेवला ना," धर्माजी म्हणाले, "की चाक धरलं जातं, म्हणजे चेन धरली जाते, म्हणजे चक्र धरलं जातं. मग फक्त नट फिरेल. चढ."

आशा या गाडीवर असंख्य वेळा बसली होती; मागे, एका बाजूला पाय सोडून, एका हातात पिशवी धरून. पुढच्या सीटवर ती आज पहिल्यांदा बसली. हँडल हातात आल्यावर हातांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी ते घट्ट धरलं. उजव्या पायाखाली ब्रेक सापडला. डाव्या आरशात मिनलचं डोकं दिसत होतं. केस रबरानं कसेतरी बांधलेले, कपाळावर ग्रीसची रेघ. आरशात बघणं म्हणजे काही बघणं नव्हे, असं ठरवून आशानं पोटभर पाहून घेतलं.

मिनलनं पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप खुपसला. दोन्ही हातांनी धरला. आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, आईला सांगा, दाब म्हणून."

धर्माजींनी मान वळवली. "आशा, दाब."

पण तोवर मिनलनं ओढला होता. आशाचा पाय टेकेपर्यंत चाक गर्रकन फिरलं, पाइप निसटला आणि मिनलची बोटं फुटरेस्टवर आपटली. "स्स," असा बारीक आवाज आला.

आशाचं तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा वळण घेऊन आलं.

"तिला विचारा, लागलं का."

"मिनल, लागलं का?"

"सांगा, नाही."

"नाही म्हणते."

आरशात मिनल बोट तोंडात धरून बसली होती.

"टायमिंग मिस होता है," जितेशभाईंनी निदान केलं. आता ते उकिडवे बसले होते. "मेसेज लेट जाता है."

"पुन्हा करू," धर्माजी म्हणाले. त्यांनी नव्या चक्राच्या पुडीतून नवी चकती काढली, उन्हात धरून पाहिली, कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी दातांत धरली. स्टोअरमधली सवय असावी. मग दोन्ही हातांनी पाना नटावर दाबून धरला.

मिनलनं पाइप लावला. "पप्पा, आईला सांगा—"

"म्म्," धर्माजी म्हणाले.

"पप्पा, ते तोंडातून काढा ना."

धर्माजींनी मानेनंच नाही म्हटलं आणि भुवयांनी आपल्या हातांकडे दाखवलं. हात सोडला तर कोपरे जातील.

"मी बोलू का?" जितेशभाई पुढे झाले. "आशाबेन, जब ये लोग—"

"म्म्म्." हे म्म् असं होतं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी काढलं असतं तर मेन्टेनन्स कमी झाला असता. जितेशभाई मागे सरकले.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. वरच्या खिडकीतली बाई पुढे काय होतं म्हणून कोपरं टेकून उभी राहिली. आशा समोर बघत होती; समोर मीटरबॉक्स होता. तिचा पाय ब्रेकवर तयार होता. केव्हा दाबायचं ते तिला आपलं आपण कळलं असतं, पण आता तिला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"आई," मिनल म्हणाली. "दाब."

आशानं दाबला. सगळा जोर लावून दाबला, वहाणेतून टाच वर आली तरी दाबला. खाली काहीतरी टक्क वाजलं, अगदी छोटंसं, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं बोट मोडावं तसं.

"सुटला," मिनल पाइपकडे बघत म्हणाली.

"लागलंय तुला," आशा म्हणाली.

"थोडंसं."

"हळद लावते."

"नंतर, आई. आता सोड."

धर्माजी चकती दातांत धरूनच राहिले. ती काढायची आठवण त्यांना बऱ्याच उशिरानं झाली.

पुढचं काम चटकन झालं. जुनं चक्र निघालं, नवं बसलं. चकती आली, तिच्यावर नट आला, हातानं जेवढा फिरला तेवढा मिनलनं फिरवला. आशा सीटवरच होती. कुणी उतर म्हटलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. मध्येच वाकून ती म्हणाली, "वाटेत सुटणार नाही ना हा?"

"घट्ट केल्यावर नाही. आणि हा बघ, हा चकतीचा कान. नट बसला की तो त्याच्या कडेवर दुमडायचा. मग नट मागे फिरायला बघतो, पण हा फिरू देत नाही."

"मग नीट दुमड. घाई करू नकोस."

"हो. आता पुन्हा दाब. या वेळी जास्त जोरात, घट्ट करायचंय."

आशानं पाय ठेवला, आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. पोरीला अडवायला म्हणून ती इतके दिवस बोलली नव्हती, आणि आता तिच्या जाण्याचा नट स्वतःच्या वजनानं घट्ट करून देत होती. दाबला तर मुलगी जाणार. नाही दाबला तर मुलगी सैल नटावर बसून घोडबंदरच्या खड्ड्यांतून जाणार. जाणार हे दोन्हीकडे सारखंच होतं. पायाला तिसरी जागा नव्हती.

"आई, दाबलास ना?"

"दाबलाय. तू ओढ."

मिनलनं ओढलं. गाडी एकदा करकरली आणि गप्प झाली. मग हातोडीचे हलके ठोके ऐकू आले. कान दुमडला जात होता. आरशात मिनल जिभेचं टोक बाहेर काढून ठोके मारत होती, चौथीत असताना सुईत दोरा ओवायची तशी.

"झालं. आई, सोड आता."

आशाचा पाय निघाला नाही.

"आई, झालं."

"सोडते," आशा मीटरबॉक्सकडे बघत म्हणाली. "घाई काय आहे एवढी?"

मिनल पाने गोळा करायला लागली, एकेक पुसून, सावकाश. धर्माजी जुनं चक्र हातात घेऊन त्याचे झिजलेले दात तपासत राहिले. 

शेवटी जितेशभाईंनाच राहवलं नाही. "अरे धर्माजीभाई, इतना सब कायको? पीछे के चक्के में एक डंडा फंसा देते. चक्का लॉक. अकेले आदमी का काम है ये तो."

"असं असतं होय?" धर्माजी म्हणाले. "आम्हाला कुठलं ठाऊक? आम्ही स्टोअरवाले."

सकाळी मिनल निघाली. आशानं स्वतःच्या हातानं डबा तिच्या बॅगेत कोंबला. हवा की नको, हे विचारायला मध्ये कुणाला घेतलं नाही. गेटपर्यंत दोघी बोलत गेल्या.

"ट्रकच्या डावीकडून घुसू नकोस."

"नाही."

"खड्डे बघ. पाणी साचलेलं दिसलं तर खोल आहे असंच समज."

"हो, आई."

"आणि चेन वाजली तर थांब. पुलावर नको थांबूस. पूल संपल्यावर थांब."

"मी पुलाकडे जातच नाहीये, मला ठाण्याला वळायचंय."

"तरी."

इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलणं असं वाहतुकीवर खर्च झालं. मिनलनं हेल्मेट घातलं. बोटाला लावलेली हळद हँडलच्या रबरावर थोडी लागली. गाडी कोपऱ्यावर वळली, आणि आवाज त्यानंतरही थोडा वेळ आला. चेन मात्र वाजली नाही. आशानं लक्ष देऊन ऐकलं होतं.

वर आल्यावर तिनं कालची चादर पुन्हा खळबळून काढली, मिनलचा ग्रीसनं माखलेला कुडता पिळला आणि सवयीनं बाल्कनीच्या कोपऱ्यात हात घातला. हाताला काठी लागली.

तिनं कुडता दोरीवर टाकला, काठीनं पुढे सरकवला, आणि काठी परत ठेवता ठेवता थांबली. काठी ओलसर होती. कुणीतरी साबण लावून घासली होती. पण मधोमध बांबूवर दोन काळे पट्टे उमटले होते, वीतभर अंतरानं, आणि त्यांच्यामध्ये बांबूची साल आत दबली होती. आशानं नाकाजवळ नेऊन वास घेतला. ग्रीसचा होता. मग दबलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. तिला जितेशभाईंचा डंडा आठवला, मिनलनं नखाखाली धरलेला तो सपाट कान आठवला. आणि काल सकाळी दुधाची पिशवी आणायला गेलेले धर्माजी बऱ्याच वेळानं, घामाघूम होऊन आले होते, तेही.

धर्माजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. काठी हातात घेऊनच ती दारात आली.

"काठी मिळाली," ती म्हणाली.

"बरं झालं."

"कोपऱ्यातच होती."

"कुठे जाणार?"

"काळी झालीय मध्ये."

धर्माजींनी पान उलटलं. "बांबू आहे. जुना झाला की डाग पडतात."

आशा तिथंच उभी राहिली. टीपॉयवर त्यांचा फोन वाजायला लागला. पडद्यावर मिनलचं नाव होतं. ठाण्याला कुठे तरी चहाला थांबली असावी. फोन धर्माजींच्या गुडघ्यापाशी होता. त्यांनी तो पाहिला, पेपर जरा वर उचलला आणि मागून म्हणाले, "घे तो जरा. माझे हात ग्रीसचे आहेत."

आशानं पेपरच्या कडांवरची ती बोटं पाहिली. आंघोळ झालेली, नखं कापलेली बोटं. पेपर पांढराशुभ्र होता.

तिनं काठी भिंतीला टेकवली, डागांची बाजू आत करून. ओढणीला हात पुसले आणि फोन उचलला.

"बोल," ती म्हणाली.